तुरमलीची जोडी

भाचीचं लग्न ठरलं त्या आठवड्यात आईने कपाटातल्या साड्यांखालून एक डबी काढली आणि माझ्या हातात दिली. आत कापसावर एकच कानातलं होतं. ताई, म्हणजे भाचीची आई, गेली तेव्हा तिच्या अंगावरून उतरवलेलं. त्यानंतर आईने ते कुणालाही दाखवलं नव्हतं.

"ह्याची जोड करून आण," ती म्हणाली. "पोरीनं आईचं कायतरी अंगावर घालून जावं."

मी तेव्हा लग्न होऊन दौंडला राहत होते, एका पतसंस्थेत कामाला होते. सोनाराकडची कामं घरात माझ्याकडेच यायची. सोनं दिलं की कुणीही दुसरं कानातलं घडवून देईल, असं मला वाटलं. पण खडा साधा नव्हता. लांबट, बोटाच्या पेराएवढा. एका टोकाला हिरवा, दुसऱ्या टोकाला गुलाबी, आणि मधे दोन्ही रंग एकमेकांत विरत गेलेले. कलिंगडाची पातळ फोड उन्हात धरावी तसा दिसायचा. त्याला तुरमली म्हणतात. आमच्या भागात तो खडा कुणी घालत नव्हतं आणि त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

आमच्या घरात तो आला आबांमुळे. आबा म्हणजे माझे वडील. घर आणि जमीन भांडगावला, पण नोकरी दौंडला, रेल्वेत फिटरची. दौंडच्या रेल्वे कॉलनीत तेव्हा अँग्लो-इंडियन लोकांची बरीच घरं होती. पुढे एकेक कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघून जायला लागलं, आणि जाताना घरातलं सगळं विकायला काढायचं. पियानो, पडदे, चिनी मातीची भांडी. एका इंजिन ड्रायव्हरच्या म्हाताऱ्या विधवेने आबांना ही कानातली दाखवली. ती तिच्या आजीची होती म्हणे, म्हणजे आमच्याकडे आली तेव्हाच ती जुनी होती. मेमलोक कान टोचत नसत, त्यांची कानातली स्क्रूने पाळीला आवळायची असत. आबांनी दौंडच्या सोनाराकडून दोन्हींना दांडी आणि फिरकी बसवून घेतली आणि ताईच्या लग्नात तिला घातली.

लग्नात बायका म्हणाल्या, काच दिसतीय. ताई हसली. तिला कशाचं वाईट वाटायचं नाही. दहावीनंतर शिकू दिलं नाही तेव्हा तिने हट्टाने शिलाई मशीन मागून घेतलं होतं, आणि केंदूरला सासरी गेल्यावर वर्षभरात अर्ध्या गावाचे ब्लाऊज तीच शिवायला लागली. माहेरी आली की कानातलं काढून स्वेटरवर घासायची आणि कापसाच्या तंतूंवर धरायची. तंतू उडून खड्याला चिकटायचे. गल्लीतली पोरं बघायला जमायची. तिची लेक तीन वर्षांची झाली तेव्हा तिलाही ती हा खेळ दाखवायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती गेली. लेक आठवडाभर आमच्याकडे होती, तिला न्यायला ताई आणि दाजी मोटरसायकलवरून निघाले होते. हायवे अजून चौपदरी झाला नव्हता. कासुर्डीच्या अलीकडे ट्रकने त्यांना उडवलं. दाजींचा हात मोडला. ताई रस्त्याच्या कडेला फेकली गेली. ट्रक थांबला नाही, मागून आलेल्या गाड्याही थांबल्या नाहीत. थांबला तो एक टेम्पोवाला. कासुर्डीचाच, बौद्ध वस्तीतला. पुण्याच्या बाजारात भाजी उतरवून तो आणि त्याची बायको रिकामे क्रेट घेऊन घरी चालले होते. दोघांनी ताईला उचलून मागे पोत्यांवर घातलं, दाजींना पुढे बसवलं आणि गाडी दवाखान्यात नेली. दवाखाना यायच्या आधीच ताई गेली होती.

तिला आमच्या ताब्यात दिलं तेव्हा तिच्या एकाच कानात कानातलं होतं. डावा कान मोकळा होता. आईच्या आधी ते आबांच्या लक्षात आलं. कानाची पाळी फाटलेली नव्हती. तिथे आलेल्या एका हवालदाराने ते बघितलं आणि म्हणाला, पडलं असतं तर पाळी फाटली असती. हे सावकाश फिरकी फिरवून काढलेलं आहे.

मग ते कुणी काढलं, ह्याचं उत्तर शोधायला कुणाला वेळ लागला नाही. आबांनी तक्रार दिली. गावातल्या सोसायटीच्या पुढाऱ्यांनी चौकीत शब्द टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस टेम्पोवाल्याच्या घरी गेले. त्याने आदल्या दिवशी जबाबात सांगितलं होतं की मोटरसायकल चुकीच्या बाजूने आली आणि चालवणाऱ्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. तो जबाब मग कुणी मोजला नाही. चोराचं काय ऐकायचं. आमच्या घरात सगळ्यांना ते पटलं होतं, मलाही.

चौकीत त्याला मारलं. तळपायांवर मारलं, असं नंतर कानावर आलं. घराची झडती झाली, काही मिळालं नाही. टेम्पो चौकीच्या आवारात उभा राहिला आणि परत मिळेपर्यंत त्याचा बाजार तुटला. सुटून आल्यावर तो कासुर्डीच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभा असताना आबांनी त्याला गाठलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. "मेलेल्या बाईच्या कानातलं काढणारा," असं म्हणाले. ते नाव त्याला चिकटलं. गुन्हा कधी सिद्ध झाला नाही, पण नाव राहिलं.

दाजींनी वर्षभरात दुसरं लग्न केलं. भाची आमच्याकडेच वाढली.

हे सगळं मागे पडून बरीच वर्षं झाली होती, जेव्हा मी ते एक कानातलं पर्समध्ये घालून त्याची जोड शोधायला बाहेर पडले.

सुरुवात दौंडपासून केली. ज्या सोनाराने दांडी बसवली होती तो वारला होता, गादीवर मुलगा होता. त्याने भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, असा खडा मी आजवर हातात धरला नाही, दुरून एकाकडे बघितलाय. काच रंगवून हुबेहूब बसवून देतो, लग्नात कोण बघतंय. आईला विचारायचीही मला हिंमत झाली नाही.

मग पुण्याला गेले. लक्ष्मी रोडवर नव्या धर्तीची दुकानं झाली होती, काचेची दारं, आत एसी. तिथल्या पोरीने मखमलीच्या ट्रेमध्ये तुरमलीच्या अंगठ्या मांडल्या. गर्द गुलाबी, बाटलीसारखा हिरवा, एक निळसर. सगळे खडे मशीनवर कापलेले, एकाचा कोपरा दुसऱ्यापेक्षा तसूभर वेगळा नाही. दिसायला सुंदर होते. आमचं कानातलं त्यांच्याशेजारी ठेवल्यावर ते एकदम विझल्यासारखं दिसलं. दोन रंगांचा खडा मागवून देऊ म्हणाली, पण तुमच्यासारखाच मिळेल असं सांगता येणार नाही मॅडम, प्रत्येक खड्यात रंग वेगळ्या जागी फुटतो.

कॅम्पात जुन्या वस्तूंचं एक दुकान होतं. जुनी घड्याळं, चांदीचे काटे-चमचे, आणि एका कपाटात विलायती दागिने. दुकानदार पारशी गृहस्थ होते, सावकाश बोलणारे. त्यांनी कानातलं दिव्याखाली थोडं तापवलं आणि कागदाच्या कपट्यांवर धरलं. कपटे उडून चिकटले. "खरी आहे," ते म्हणाले. मला ताईचा स्वेटर आठवला. त्यांच्याकडे तुरमलीची दोन-तीन जुनी कानातली होती, एक ब्रोचही होता, पण एकाचाही रंग जुळेना. सोनं कमी कसाचं आहे, विलायतेत तसंच वापरत, ते वितळवू नका, असं त्यांनी बजावलं. जाताना म्हणाले, जोडी पुरी असती तर मी लगेच घेतली असती. एकट्या कानातल्याला कुणी विचारत नाही.

भाची माझ्याबरोबर होती. परतीच्या एसटीत म्हणाली, "राहू दे ना मावशी. मला नकोच." पण आईने ते मनावर घेतलं होतं, आणि मलाही आता ते मधेच सोडवत नव्हतं.

दौंडच्या सोनारानेच नंतर सुचवलं की शिरूरला जुन्या बाजारपेठेत एक वयस्क सोनार आहेत, मोडीत आलेल्या दागिन्यांतले खडे ते फेकत नाहीत, साठवून ठेवतात. एकदा बघून या. रजा टाकून मी एकटीच गेले. दुकान लहान होतं, बाहेर लाकडी बाक, आत गादी आणि जुनी तिजोरी. सोनार सत्तरीचे असतील. मी डबी उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, ह्याच्यासारखा खडा मिळाला तर बघा.

त्यांनी ते हातात घेतलं. भिंग लावलं नाही. माझ्याकडे बघितलं, पुन्हा कानातल्याकडे बघितलं. "हे तुमच्याकडं कुठनं आलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या बहिणीचं आहे. ते उठले, तिजोरी उघडली आणि आतून गुलाबी कागदाची एक पुडी काढून माझ्यासमोर सोडली.

दुसरं कानातलं होतं. तेच. हिरवं टोक, गुलाबी टोक, तीच दांडी, फिरकी तेवढी नवी.

"केंदूरच्या एक बाई दुरुस्तीला देऊन गेल्या होत्या," ते म्हणाले. "फिरकीचे आटे गेले होते, सारखी गळून पडायची. न्यायला आल्याच नाहीत."

मी विचारलं, एकच दिलं होतं का. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांनी दोन्ही ठेवून जा म्हटलं होतं. पण ताई माहेरी जाणार होती. वडिलांनी दोन्ही कान मोकळे बघितले तर विचारतील, एक तरी राहू द्या, पदर घेतला की दुसरा दिसत नाही, असं ती म्हणाली. तेव्हा भोक बुजू नये म्हणून त्यांनीच तिला कानात घालायला केरसुणीची काडी काढून दिली होती.

विचारायचं ते विचारलंच पाहिजे होतं. "तिच्याबरोबर कुणी होतं?"

"मालक होते की. ह्याच बाकावर बसले होते."

पुढचं त्यांनी आपणहून सांगितलं. बाई येईनात म्हणून त्यांनी केंदूरला निरोप धाडला. मग एक दिवस दाजी स्वतः आले. हात प्लास्टरमध्ये होता. म्हणाले, बाई गेली, हे राहू द्या तुमच्याकडंच, आणि कुणी विचारलं तरी ह्याचा विषय काढू नका. "मला वाटलं, माणसाला सोसत नसंल," सोनार म्हणाले. "दुसऱ्याची वस्तू, मोडवंना. ठेवली."

त्यांनी मजुरी घेतली नाही. मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. समोरून बाजार चालला होता, कांद्याच्या पिशव्या, सायकली. तळपायांवर मार खाणारा एक माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्याचा चेहरा मी कधी बघितलेला नव्हता, म्हणून तो बिनचेहऱ्याचाच दिसत होता.

भांडगावला पोचले तेव्हा आबा ओट्यावर पेपर वाचत होते. दोन्ही कानातली मी त्यांच्या पेपरवर ठेवली आणि शिरूरला जे ऐकलं ते सांगितलं. आई दारात येऊन उभी होती. सांगून झाल्यावर आबांनी ती जोडी हातात घेतली. मग म्हणाले, "जावयाला ठावं व्हतं?"

"होतं."

"आन् तो टेम्पोवाला? हाय का अजून?"

मला माहीत नव्हतं. त्या रात्री आबा जेवले नाहीत. आईने डबी पुन्हा कपाटात ठेवली आणि ओट्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

भाचीपासून लपवायचं असं मी ठरवलं होतं, पण तिने दाराआडून सगळं ऐकलं होतं. मी केंदूरला जायला निघाले तर ती आधीच चप्पल घालून तयार. दाजी शेतात होते, कांद्याच्या चाळीपाशी. मुलगी अशी अचानक आलेली बघून त्यांना आनंद झाला, लग्नाचं काय काय झालं ते विचारायला लागले. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, शिरूरच्या सोनाराकडून आले आहे.

कबूल करायला त्यांनी वेळ घेतला नाही, मला वाटतं इतकी वर्षं ते ह्याचीच वाट बघत असावेत. "मी पेलो व्हतो," ते म्हणाले. "त्यानं तसं लिहून दिलं व्हतं चौकीत. तो खरा ठरला असता तर मला आत टाकलं असतं. आबांनी त्याच्यावर आळ घेतला, मी गप बसलो. मी काय वेगळं केलं न्हाई, नुसता गप बसलो." मग मुलीकडे बघून म्हणाले, "मी आत गेलो असतो तर तुला कोण बघणार व्हतं?"

"मला कोणी बघितलं?" भाची म्हणाली.

आम्ही चहा न घेता निघालो. शिक्रापूरला एसटी बदलायला उतरलो. तिथे ती म्हणाली, लग्नात कन्यादानाला त्यांना बसवू नका.

आबांनी मधल्या काळात चौकशी केली होती. टेम्पोवाला हयात होता. टेम्पो कधीच विकला होता, एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून काही वर्षं काढली, आता पाय साथ देत नाही म्हणून घरीच असतो. एका सकाळी आबा मला म्हणाले, चल. आम्ही दोघंच गेलो.

कासुर्डीतलं त्यांचं घर पत्र्याचं, पण पुढची खोली पक्की बांधलेली. भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्यांची बायको दारात आली. तिने आबांना लगेच ओळखलं. तिचा चेहरा बदलला, पण ती म्हणाली, या, आणि चटई टाकली. पाणी आणून दिलं. आबांनी तांब्या हातात घेतला आणि दोन घोट पाणी प्यायले.

आबांनी सांगितलं. अडखळत सांगितलं, मधे मधे मी पूर्ण केलं. आतल्या खोलीत कुणीतरी असल्याचा आवाज येत होता, पण कुणी बाहेर आलं नाही.

"मला ठाव व्हतं," ती बाई म्हणाली. "मी मागं बसले व्हते त्यांच्यासंगं. डोकं माझ्या मांडीवर व्हतं. डाव्या कानात काडी व्हती, केरसुणीची. दवाखान्यात अंग पुसताना पडली असंल. मी चौकीच्या दारात उभी राहून सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. म्हणले, नवऱ्याला वाचवाया काय बी सांगती."

मी विचारलं, ताई काही बोलली का. इतकी वर्षं हा प्रश्न आमच्यापैकी कुणी कुणाला विचारला नव्हता. तिच्याबरोबर शेवटी जे होते त्यांना आम्ही चोर ठरवलं होतं, मग विचारणार कुणाला.

"पोरीचं नाव घेत व्हत्या. आन् पाणी मागत व्हत्या." ती म्हणाली. "डागदर म्हणत्यात, अपघातातल्या माणसाला पाणी देऊ नये. म्हणून मी दिलं न्हाई. चौकीतल्या माराचं मला एवढं न्हाई, पर ते राहून राहून मनात येतं. द्यायला पायजे व्हतं."

आबा तोंड झाकून रडायला लागले. मी त्यांना ताईच्या मातीतही रडताना बघितलं नव्हतं.

तेव्हा तो माणूस आतून आला. काठी टेकत, भिंतीला धरून. वयाने आबांपेक्षा बराच लहान असणार, पण दिसत नव्हता. आबा उठून त्याच्या पायांशी वाकायला लागले तर त्याने पाय मागे घेतला.

"पाया नका पडू," तो म्हणाला. "ते सोपं हाय. मी चोर न्हाई हे मला आन् हिला ठावंच हाय, आमाला सांगून काय उपेग? जिथं तुम्ही माझ्या तोंडात मारली तिथं येऊन सांगा. फाट्यावर."

आबांनी होकार दिला. पुढच्या बाजारच्या दिवशी, सकाळी, असं ठरलं.

त्या दिवशी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. मी बरोबर होते. फाटा मला ओळखू येईना. रस्ता चौपदरी झाला होता, मधे दुभाजक, जुनी चहाची टपरी जाऊन तिथे मोठं हॉटेल झालं होतं. कंपन्यांत जाणारी परप्रांतीय पोरं वडापच्या जीपची वाट बघत होती. भाजीच्या पाट्या घेतलेल्या दोन बायका. टेम्पोवाला रस्त्याच्या पलीकडे, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. बायको त्याच्याबरोबर नव्हती.

आबा फाट्यावर लोकांच्या मधोमध उभे राहिले आणि मोठ्याने बोलायला लागले. आपलं गाव सांगितलं, आपलं नाव सांगितलं. म्हणाले, मी इथं एका माणसावर खोटा आळ घेतला होता, त्याला मारलं होतं. त्याने चोरी केली नव्हती. माझ्या लेकीला त्याने दवाखान्यात नेलं होतं. त्याचं नाव त्यांनी दोनदा घेतलं. ट्रकच्या आवाजात अर्धं ऐकू येत नव्हतं. पोरं बघायला लागली. एकाने दुसऱ्याला हिंदीत विचारलं, बाबा को क्या हुआ. पाटीवाल्या बायका जरा बाजूला सरकल्या. हॉटेलातून मालक बाहेर आला, त्याला वाटलं गिऱ्हाइकाशी भांडण झालंय. तेवढ्यात वडाप आली आणि पोरं तिच्या मागे धावली.

माझ्या वयाचा एक माणूस तेवढा जवळ आला. त्याला जुनं आठवत होतं. आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता कशाला उकरून काढताय आबा. झालं ते झालं." तो ते समजुतीच्या सुरात म्हणाला. त्याला टेम्पोवाल्याकडे एकदा बघावंसंही वाटलं नाही.

आबा रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मी मागोमाग. टेम्पोवाला उठून उभा राहिला होता.

"सांगितलं," आबा म्हणाले.

"ऐकलं मी." तो फाट्याकडे बघत होता. "पर ज्यांनी तवा बघितलं त्यांतलं फारसं कुणी उरलंच न्हाई आता. निम्मे मेले, निम्मे पुण्याला गेले." एवढं बोलून तो काठी टेकत गावाकडे चालायला लागला. आबांनी त्याला हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार.

त्यानंतर आबा चौकीतही गेले. तिथे सगळी माणसं नवी. इतकं जुनं प्रकरण, आता काय करायचं त्याचं, असं म्हणून त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

भाचीचं लग्न साधंच झालं. कन्यादान मी आणि माझ्या नवऱ्याने केलं. आबांना बसायला सांगितलं तर नको म्हणाले, माझा हात नको लागायला. दाजी आले नाहीत. भाचीने आजीसाठी म्हणून ती जोडी त्या एका दिवसापुरती घातली. फोटोंत बघितलं तर बऱ्याच ठिकाणी तिचा हात डाव्या कानाशी गेलेला दिसतो, फिरकी आहे ना ते चाचपत. सासरी जाताना तिने दोन्ही काढून आजीकडे दिली आणि साधे सोन्याचे टॉप्स घातले.

आबा पुढच्या वर्षी गेले. आजार असा काही नव्हता. सोसायटीत जाणं त्यांनी बंद केलं होतं, ओट्यावरही बसत नसत. त्यांच्या मातीला कासुर्डीहून कुणी आलं नाही. आम्हीही वाट बघितली नव्हती.

त्यानंतर काही वर्षांनी दौंडला दवाखान्यात मी सासूबाईंना घेऊन गेले होते. बाकावर शेजारी टेम्पोवाल्याची बायको बसली होती. नवऱ्याला आत नेलं होतं, पायाला जखम होऊन ती भरत नव्हती. तिने मला ओळखलं.

मग तिने विचारलं, "त्या पोरीचं कसं हाय आता?"

मी म्हटलं, बरं आहे, तिला मुलगी झाली.

"बरं झालं," ती म्हणाली. आतून नर्सने हाक मारली तशी ती उठली, पिशवी उचलली आणि गेली.